दगडाची माती, मातीतलं हवामान : खडकांच्या विदारणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर खडक बघायला आम्ही काही जण जमतो. फेरी झाली की आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत राहतात, आणि त्यांतले बरेचसे तेच ते असतात. असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत. सगळं वाचायला सवड नसेल तर निदान ६ आणि ९ वाचा. पुण्यात राहणाऱ्या माणसाला एवढं तरी ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

१. विदारण, झीज, धूप हे सगळं एकच ना?

नाही. खडक जागच्या जागी फुटतो, भुसभुशीत होतो किंवा त्याची खनिजं बदलून जातात, ते विदारण. सुटा झालेला माल पाणी, वारा किंवा बर्फ उचलून नेतं, ती धूप. पावसाळ्यात लकडी पुलावरून मुठेचं तांबूस गढूळ पाणी दिसतं ती धूप. पण तो गाळ सुटा करून ठेवण्याचं काम वरच्या डोंगरांत हजारो वर्षं चाललेलं असतं. विदारण झालं नसतं तर नदीला वाहून न्यायला फारसं काही मिळालंच नसतं.

शाळेत शिकलेले तीन प्रकार बरोबरच आहेत : कायिक (खडक फुटतो, पण घटक तेच राहतात), रासायनिक (घटकच बदलतात) आणि जैविक (झाडं, शेवाळ, जिवाणू). प्रत्यक्षात मात्र हे तिघं एकमेकांचा हात धरूनच काम करतात. भेग पडली की पाणी आत जातं, पाण्यानं भेग मऊ होते, मऊ भेगेत मूळ शिरतं.

२. दगड इतका कठीण. तो नुसत्या पावसानं विरघळतो हे पटत नाही.

पावसाचं पाणी निव्वळ पाणी नसतं. खाली येताना ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि किंचित आम्ल होतं, सोड्याच्या बाटलीतल्या पाण्यासारखं पण फार सौम्य. प्रदूषण नसलेल्या पावसाचाही सामू (pH, आम्लतेचं माप) साधारण ५.६ असतो. हे पाणी मातीत मुरलं की आणखी आम्ल होतं, कारण मुळं आणि जिवाणू श्वास सोडत असतात. मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा दहा ते शंभर पट असू शकतो.

हे आम्ल खनिजाच्या जाळीतून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवून घेतं. मागे उरतं ते लोह, अ‍ॅल्युमिनियम आणि थोडी सिलिका, म्हणजेच चिकणमाती आणि गंज. सगळी खनिजं एकाच वेगानं हार मानत नाहीत. सॅम्युअल गोल्डिच यांनी १९३८ मध्ये हा क्रम मांडला : ऑलिव्हिन सर्वांत आधी, मग पायरॉक्सिन आणि कॅल्शियमयुक्त फेल्डस्पार, आणि क्वार्ट्झ सर्वांत शेवटी. ज्या खनिजाचा जन्म जास्त तापमानात झाला, ते पृष्ठभागावरच्या गारव्यात आणि ओलीत लवकर खचतं.

३. पुण्याचा काळा दगड कोणता? आणि आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात?

आपला दगड बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले. आज हा दख्खनचा पाषाण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. पश्चिम घाटात तो जवळपास दोन किलोमीटरपर्यंत जाड आहे आणि पूर्वेला नागपूरकडे पातळ होत जातो. गोल्डिचच्या क्रमात बघितलं तर यात लवकर खचणारी खनिजंच भरपूर, क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच. म्हणून दिसायला पोलादासारखा हा दगड रासायनिक दृष्ट्या ग्रॅनाइटपेक्षा बराच हळवा आहे.

पायऱ्यांचं कारण असं. लाव्हाच्या प्रत्येक लोटाचा मधला भाग घट्ट असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. घट्ट भागाचा कडा उभा राहतो आणि सच्छिद्र भाग मऊ पडून उताराची जमीन होते. सिंहगडाकडे खालून बघा, कडा आणि गवताळ उतार, पुन्हा कडा, हा क्रम डोळ्यांनी मोजता येतो. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दही स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे.

४. रस्त्यासाठी डोंगर कापला की कांद्यासारखे गोल धोंडे दिसतात. ते लाव्हाचे गोळे का?

फेरीत सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न. बहुतेक ठिकाणी ते लाव्हाचे गोळे नसतात. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, त्यामुळे खडकाचे चौकोनी ठोकळे झाले. भेगांतून पाणी शिरलं. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच बाजूनं काम करतं, कडेवर दोन बाजूंनी आणि कोपऱ्यावर तीन बाजूंनी. म्हणून कोपरे आधी जातात आणि ठोकळा हळूहळू गोल होतो. बाहेरच्या थरातली खनिजं बदलताना फुगतात आणि पापुद्रा सुटतो. पापुद्रे हातानं सोलता येतात, पण आतला गाभा हातोडीला दाद देत नाही. गोळ्यांभोवतीच्या भेगा सरळ रांगांत दिसत असतील तर ते विदारणाचेच गोळे समजा.

५. मुरूम म्हणजे माती की दगड?

दोन्हींच्या मधला टप्पा. बेसाल्ट कुजला आहे, पण खडकाची मूळ ठेवण अजून ओळखू येते, तो मुरूम. विहीर खोदताना वरून खाली आधी माती, मग मुरूम, मग भेगाळ खडक आणि शेवटी कातळ लागतो. वर सर्वांत जास्त कुजलेला आणि खाली ताजा, असा विदारणाचा सगळा इतिहास त्या एका विहिरीच्या भिंतीत दिसतो. दख्खनच्या गावांना शतकानुशतकं पाणी मिळालं ते याच मुरमात आणि भेगाळ खडकात साठलेलं. कातळात पाणी धरायला जागाच नसते.

६. माझं गाव दौंडकडे, तिथे काळी माती. सासर महाबळेश्वरला, तिथे लाल. दगड तोच, तर माती वेगळी कशी?

हा प्रश्न आला तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण सगळा विषय यात आहे.

पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि दौंड-इंदापूरकडे त्याहून कमी. महाबळेश्वरला तो ५,००० मिलिमीटरच्या वर जातो. पाऊस कमी असला की कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका पुरती धुऊन निघत नाहीत. ती तिथेच पुन्हा एकत्र येऊन स्मेक्टाइट नावाची चिकणमाती बनते. तिच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि ती फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हीच आपली काळी कसदार रेगूर. ती ओल धरते म्हणून हिवाळ्यात नुसत्या ओलीवर ज्वारी येते, आणि याच फुगण्या-आकसण्यानं घराच्या भिंतींना तडेही जातात. पाया मुरमापर्यंत नेण्याचा आग्रह जुने गवंडी धरतात तो उगीच नाही. उरलेला कॅल्शियम खाली जाऊन चुनखडीचे पांढरे खडे होतो.

पाऊस मुबलक असला की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तर जातातच, सिलिकाही निघून जाते. उरतात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम, पाण्याला सहजासहजी न विरघळणारे. लोह गंजून लाल होतं. पुढची पायरी म्हणजे जांभा, ज्याचे चिरे कोकणातल्या घरांना लावतात. पाचगणीचं टेबललँड आणि कासचं पठार हे जांभ्याचेच माथे. अ‍ॅल्युमिनियम आणखी साचलं की बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खाणी त्याच्याच.

दोन अपवाद लक्षात ठेवा. माथ्यावरचा जांभा आजच्या पावसानं कालपरवा तयार झालेला नाही. तो कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उष्ण-दमट काळाचा वारसा आहे, त्यामुळे आजच्या पावसाचा आकडा आणि माथ्यावरचा दगड यांची सरळ जोडी लावू नका. आणि भीमेकाठची काळी माती पुष्कळदा जागच्या खडकाची नसते, नदीनं वरून आणून टाकलेली असते.

७. घाटात काळ्या खडकाच्या मधोमध विटकरी लाल पट्टा दिसतो. तोही जांभा का?

नाही. दोन लोटांच्या मध्ये ज्वालामुखी काही काळ थांबला होता, त्या विश्रांतीत वरच्या राखेचं आणि खडकाचं विदारण होऊन हा थर तयार झाला. नंतर पुढच्या लाव्हानं तो झाकून टाकला. हे थर बहुधा काही सेंटिमीटर ते एखाद-दोन मीटर जाड असतात. लाव्हाच्या थरांपुढे ही जाडी नगण्य, पण त्यात उद्रेकांमधला वेळ बंदिस्त आहे. म्हणून मला तो पट्टा काळ्या कातळाहून मोलाचा वाटतो.

८. झाडाच्या मुळांनी खरंच दगड फुटतो?

जुन्या वाड्याच्या भिंतीतला पिंपळ बघा, उत्तर मिळेल. पण मुळाचा खरा जोर दाबण्यात नाही, आम्लात आहे. मुळं आणि त्यांच्यासोबतच्या बुरश्या सेंद्रिय आम्लं सोडतात आणि खनिजांतून पोषक द्रव्यं काढून घेतात. दगडावरचं दगडफूलही तेच करतं, फार सावकाश.

पृथ्वीच्या इतिहासात याचा परिणाम प्रचंड झाला. साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वी वनस्पती जमिनीवर आल्या आणि सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वी खोल मुळांची झाडं वाढू लागली. मुळांमुळे विदारणाचा वेग वाढला, हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरत गेला. पुढे दलदलीतल्या जंगलांचा कोळसाही गाडला गेला आणि ३० कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास पृथ्वी मोठ्या हिमयुगात होती.

९. दगड झिजण्याचा आणि हवामानाचा काय संबंध? हे जरा ओढूनताणून वाटतं.

घरात बोअरचं पाणी असेल तर गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर आठवा. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यातलं कॅल्शियम बेसाल्टमधून आलं आणि कार्बनचा बराचसा भाग हवेतून, पाऊस आणि माती यांच्यामार्फत. म्हणजे हवेतला वायू दगडाशी संयोग पावून पुन्हा दगड झाला. तुमच्या गिझरमध्ये जे होतं तेच समुद्रात होतं. मुठेचं पाणी भीमेला, भीमेचं कृष्णेला आणि कृष्णेचं बंगालच्या उपसागराला मिळतं. त्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट आणि कॅल्शियमपासून समुद्रातले जीव शिंपले बनवतात. ते तळाशी साचतात आणि चुनखडक होतो.

आता हिशेब. सिलिकेट, म्हणजे बेसाल्ट-ग्रॅनाइटसारखा सिलिकायुक्त खडक झिजताना कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू घेतले जातात आणि समुद्रात शिंपला बनताना एक परत सुटतो. एक रेणू कायमचा अडकतो. ज्वालामुखी हा वायू पुन्हा हवेत सोडत राहतात, म्हणून तो संपत नाही.

यातली विलक्षण गोष्ट पुढे आहे. हवा तापली की पाऊस वाढतो, रासायनिक क्रिया वेगानं होतात, विदारण वाढतं, आणि कार्बन डायऑक्साइड जास्त शोषला जाऊन हवा थंड होऊ लागते. हवा गार झाली की विदारण मंदावतं आणि ज्वालामुखींचा वायू साचून ती पुन्हा तापते. इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटसारखी ही व्यवस्था १९८१ मध्ये वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी मांडली. पृथ्वीच्या सुरुवातीच्या काळात सूर्य आजच्यापेक्षा बराच मंद होता, तरी पृथ्वीवर कोट्यवधी वर्षं वाहतं पाणी टिकून राहिलं, याचं एक मोठं कारण हेच मानलं जातं. मुरमाच्या ढिगाऱ्याकडे या नजरेनं बघायला लागल्यापासून मला तो ढिगारा कधीच क्षुल्लक वाटलेला नाही.

१०. याला दख्खन किंवा हिमालयातला काही पुरावा आहे?

आहे, आणि त्यावर वादही आहेत. मॉरीन रेमो आणि विल्यम रुडिमन यांनी १९९२ मध्ये मांडलं की हिमालय आणि तिबेट वर उचलले गेल्यानं ताजा खडक सतत उघडा पडला, विदारण वाढलं आणि पृथ्वी थंड होत गेली. समुद्राच्या पाण्यातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर, जे खंडांवरच्या खडकांचं विदारण वाढलं की वाढतं, गेल्या सुमारे ४ कोटी वर्षांत वाढत गेलं, हा त्यांचा एक आधार. आक्षेप असा की हिमालयाच्या नद्या गाळाबरोबर वनस्पतींचा कार्बनही बंगालच्या उपसागरात पुरतात, आणि त्याचा वाटा विदारणाहून मोठा असू शकतो.

दख्खनची कथा मला अधिक जवळची. बेसाल्ट जगाच्या जमिनीचा ५ टक्क्यांहून कमी भाग व्यापतो, पण सिलिकेट विदारणातून शोषल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ३० टक्के वाटा बेसाल्टचा असल्याचा अंदाज आहे. आपला भूभाग उत्तरेकडे सरकताना विषुववृत्ताच्या दमट पट्ट्यातून गेला. ताजा बेसाल्ट आणि मुसळधार पाऊस यांची तिथे गाठ पडली आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या अतिउष्ण काळानंतर पृथ्वी थंडावण्यात तिचा हात होता, असं केंट आणि मुटोनी यांनी २००८ मध्ये सुचवलं. जो दगड जन्मताना हवा तापवणारे वायू घेऊन आला, त्यानंच पुढे हवा निवळायला मदत केली असावी.

११. हा थर्मोस्टॅट कधी बिघडला का?

साधारण ७२ कोटी ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वी दोनदा बर्फ विषुववृत्तापर्यंत पोचला. जमीन बर्फाखाली गेल्यानं विदारण जवळपास थांबलं. ज्वालामुखी मात्र थांबले नव्हते. कार्बन डायऑक्साइड लाखो वर्षं साचत राहिला आणि शेवटी त्याच्या उष्णतेनं बर्फ वितळला. मग उघड्या पडलेल्या चुरडलेल्या खडकावर जोरदार विदारण झालं, आणि हिमनद्यांच्या गाळावर थेट चुनखडकाचा थर बसला. हे जोडथर अनेक खंडांवर सापडतात. म्हणजे व्यवस्था बिघडली, पण तिनंच स्वतःला पुन्हा रुळावर आणलं.

१२. विदारण केव्हापासून चालू आहे?

पाणी आणि खडक एकत्र आले तेव्हापासून. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स इथले झिरकॉन या अतिशय चिवट खनिजाचे कण ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने आहेत. ज्या खडकात ते जन्मले तो केव्हाच झिजून गेला, कण तेवढे उरले.

त्या काळचं विदारण मात्र आजच्यासारखं नव्हतं. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. त्याआधीच्या नद्यांच्या गोट्यांत पायराइटचे (लोह आणि गंधक यांच्या खनिजाचे) घासून गोल झालेले कण मिळतात. आज पायराइट नदीत इतका वेळ टिकणार नाही, गंजून जाईल. ऑक्सिजन आल्यानंतर मगच लाल मातीचे आणि लाल वालुकाश्माचे थर सर्रास दिसू लागतात. महाबळेश्वरचा लाल रंग (प्रश्न ६) त्या बदलाशिवाय शक्यच नव्हता.

१३. समुद्राचं मीठ दगडातून आलं, तर त्यावरून पृथ्वीचं वय काढता येईल का?

असा प्रयत्न झालेला आहे. एडमंड हॅली यांनी १७१५ मध्ये कल्पना मांडली आणि जॉन जोली यांनी १८९९ मध्ये नद्यांतल्या सोडियमवरून ८ ते ९ कोटी वर्षं असं उत्तर काढलं. खरं वय सुमारे ४५४ कोटी. चूक अशी झाली की समुद्रातून मीठ बाहेरही पडतं, मिठागरांच्या थरांत आणि तळाच्या खडकांत, हे धरलं नव्हतं. शिवाय मिठातलं सोडियम विदारणातून येतं, पण क्लोराइड मुख्यतः ज्वालामुखींच्या वायूंमधून.

१४. चुनखडकही पावसात विरघळतो. तोही कार्बन शोषतो ना?

तात्पुरता. विरघळताना एक रेणू घेतो आणि समुद्रात पुन्हा चुनखडक होताना तोच परत देतो. दीर्घकाळाचा हिशेब शून्य. म्हणून ९ मध्ये ‘सिलिकेट’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे.

१५. मग तापमानवाढीची काळजी कशाला? दगड बघून घेतील.

बघून घेतील, पण लाखभर वर्षांत. ५.६ कोटी वर्षांपूर्वी हवेत अचानक कार्बन वाढून पृथ्वी ५ अंशांच्या आसपास तापली होती, आणि निवळायला एक-दोन लाख वर्षं लागली. जगभरातलं सिलिकेट विदारण वर्षाला साधारण अर्धा अब्ज टन किंवा त्याहून कमी कार्बन डायऑक्साइड शोषतं. आपण इंधन जाळून वर्षाला ३५ अब्ज टनांहून अधिक सोडतो.

बेसाल्टची भुकटी शेतात टाकून हा वेग वाढवण्याचे प्रयोग सुरू आहेत, अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि मध्य भारतातल्या भातखाचरांतही. भुकटी केल्यानं पाण्याला भिडणारं क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढतं. खडीच्या क्रशरवर अशी भुकटी आपल्याकडे ढिगानं पडून असते, म्हणून मला यात रस आहे. पण दळण्याचा आणि वाहतुकीचा खर्च, आणि नेमका किती वायू शोषला गेला याची मोजणी, हे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. आणि आपली काळी माती आधीच कॅल्शियमनं भरलेली. तिथे फायदा आम्ल मातीएवढा होईल असं धरून चालू नका.

१६. निघोजचे रांजणखळगे आणि वाघोलीचे स्फटिक हेही विदारणाचेच ना?

दोन्ही नाहीत. रांजणखळगे कुकडीच्या भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी घासून झाले, ती धूप (प्रश्न १). वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट आणि त्याच्यासोबतचे झिओलाइट खडकाच्या पोकळ्यांमध्ये, खोलवर फिरणाऱ्या कोमट-गरम पाण्यातून जमले. खडक बदलला आहे, पण हवा-पावसानं नव्हे.

१७. माळीणला जे झालं ते विदारण होतं का?

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. ती घटना म्हणजे दरड कोसळणं, भूगोलाच्या भाषेत विस्तृत झीज. पण खाली आला तो माल विदारणानं तयार करून ठेवलेला होता. तीव्र उतारावर माती-मुरमाचा जाड थर, त्याखाली पाणी न मुरवणारा खडक आणि सलग अतिवृष्टी. थरातल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की कणांची एकमेकांवरची पकड सुटते.

डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्यांनी हे पाहत राहावं : उतारावर नव्या भेगा, झाडं किंवा खांब कलणं, दारं-खिडक्या अचानक अडकू लागणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं. पावसात यातलं काही दिसलं तर घर सोडा, तहसील कार्यालयाला नंतर कळवा.

१८. पाताळेश्वराची लेणी बाराशे वर्षांत झिजली कशी नाहीत?

ती आठव्या शतकातली, घट्ट कातळात खोदलेली. बाराशे वर्षं आपल्याला मोठी. बेसाल्टला नाहीत, विशेषतः आतल्या भागाला, जिथे पाऊस थेट पोचत नाही. उघड्यावरचे दगड पाहिले तर कडा बोथट झालेल्या आणि पापुद्रे सुटलेले दिसतात.

एक विनंती. जुन्या दगडी बांधकामाच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटनं भरू नका. ओल आत कोंडते, क्षारांचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा चेहरा सुटतो. चुना वापरा, तो ओल बाहेर जाऊ देतो.

१९. मुलांना घरी दाखवता येईल असं काही आहे?

दौंड-शिरूरकडे गेलात तर शेताच्या बांधावरून चुनखडीचे दोन-चार पांढरे खडे आणा (प्रश्न ६). बशीत ठेवा आणि वर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे येतील. खड्यातलं कॅल्शियम बेसाल्टमधून सुटलेलं, आणि बुडबुड्यांतला वायू कधीतरी मातीतल्या हवेतून त्यात अडकलेला. मग तोच रस मुठेकाठच्या काळ्या गोट्यावर टाका. काहीच होणार नाही. खडा फसफसला आणि गोटा नाही, असं का, हे मुलांना आधी विचारा आणि उत्तरासाठी त्यांना वेळ द्या.